जबानी रिपोर्ट

आमच्या वाशिम भागात ठाण्यात येणारा शेतकरी रिपोर्ट बहुधा शेवटाकडून सांगतो. ‘साहेब, मोटर गेली,’ इथून सुरुवात. मग संशय कोणावर, मग धुऱ्याचा जुना वाद. ठाणे अंमलदार म्हणून त्या बोलण्याला क्रम लावायचं काम माझं. मोटर शेवटची चालू कधी पाहिली? सकाळी वावरात आधी कोण पोचलं? या दोन वेळांच्या मध्ये गुन्हा घडलेला असतो आणि तपास तिथूनच सुरू होतो.

वर्णनाला मी जास्त वेळ देतो. ‘एक पाणबुडी मोटर, जुनी वापरती’ एवढंच लिहिलं, तर पुढे जप्तीत निघालेल्या ढिगातून त्याची मोटर ओळखायची कशी? कंपनी, हॉर्सपॉवर, रंग, वायंडिंग कुठून भरून आणलं, केबल किती कापली, हे सगळं विचारून घ्यावं लागतं. किंमत तो सांगेल तीच.

नवा लेखनिक मात्र तयार वाक्य टाकतो: ‘कोणीतरी अज्ञात चोरट्याने लबाडीच्या इराद्याने चोरून नेली.’ इरादा त्या माणसाने पाहिलेला नसतो. त्याने पाहिलेली असते कापलेली केबल आणि ओल्या मातीत मोटर ओढत नेल्याची खूण. हीच खूण रिपोर्टात लिहायची राहिली आणि साक्षीत पहिल्यांदा आली, की बचावाचा वकील तिला ओमिशन म्हणून धरतो.

१ जुलै २०२४ पासून कायदे बदलले. चोरीचं ३७९ जाऊन ३०३ आलं, खुनाचं ३०२ जाऊन १०३ आलं, झडती-जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं झालं. एफआयआरचं कलमही १५४ चं १७३ झालं, पण आतला जुना नियम टिकला: तोंडी सांगितलेलं लिहून काढायचं, सांगणाऱ्याला वाचून दाखवायचं, सही घ्यायची, नक्कल फुकट द्यायची.

यातलं वाचून दाखवणं घाईत उरकलं जातं. मी सावकाश वाचतो. मानोऱ्याकडच्या तांड्यावरची म्हातारी असेल, तर गोरमाटी बोली जाणणारा शिपाई शेजारी बसवतो. वाचता वाचता ‘असं नाई म्हटलं म्या’ असं कोणी अडवलं, की बरं वाटतं. वाक्य तिथल्या तिथे दुरुस्त होतं. हीच हरकत पुढे साक्षीच्या पिंजऱ्यातून आली, तर दुरुस्तीची सोय नसते.