डोक्यातला शॉर्टकट

माझ्या मेंदूत एक शॉर्टकट आहे. मेडिकल भाषेत एव्हीएम. बदलापूरकरांना मी तो लोकलच्या भाषेत समजावते. फास्ट लोकलसुद्धा कल्याणनंतर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ अशी प्रत्येक स्टेशन घेत येते ना? तसंच रक्तानेही धमनीतून आल्यावर बारीक केशवाहिन्यांत हळू व्हायला हवं. माझ्या डोक्यात ते एकही हॉल्ट न घेता थेट शिरेत घुसतं. शिरेला तो दाब झेपला नाही तर ती फुटते.

29व्या वर्षी ऑफिसात फिट आली, एमआरआय झाला आणि ‘इन्ऑपरेबल’ हा शब्द माझ्या वाट्याला आला. गुंता मोठा, त्यात बोलण्याच्या केंद्रात पसरलेला. गामा नाइफच्या किरणांनाही डॉक्टर नाही म्हणाले. न फुटलेल्या एव्हीएमला रक्तस्रावाचा धोका वर्षाला साधारण 1 ते 2 टक्के. एफडीच्या व्याजापेक्षा कमी, पण दर वर्षी नव्याने!

मग वाचायला लागले. 2018 मध्ये टोरांटो आणि फिनलंडच्या संशोधकांनी 72 रुग्णांच्या मेंदूतल्या एव्हीएमचे तुकडे तपासले. 45 जणांत केरॅस या जनुकात बदल सापडला. हेच जनुक कितीतरी कॅन्सरमध्ये बिघडलेलं असतं. मग केरॅसच्या पुढची साखळी अडवणारं कॅन्सरचं औषध इथे चालेल? ट्रॅमेटिनिब अमेरिकेत 2013 मध्ये मेलानोमासाठी, म्हणजे त्वचेच्या एका कॅन्सरसाठी, मंजूर झालं. 2020 मध्ये झेब्रा माशांत ही साखळी अडवल्यावर बिघडलेल्या रक्तवाहिन्या सुधारल्या. माणसांचा अनुभव मात्र अजून अगदी मोजका.

आणि गोची बघा. माझ्यात केरॅसचा बदल आहे का, हे बघायला गुंत्याचा तुकडा हवा. ऑपरेशनच होत नाही, तर तुकडा आणणार कुठून?

उल्हासनगरात कॅम्प 4 ला बाबांच्या मित्राचं औषधांचं दुकान आहे. ‘बेटा, चिठ्ठी आण फक्त, गोळी मी मागवतो,’ अंकल म्हणाले. मनापासून म्हणाले, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. पण त्या गोळीच्या माहितीपत्रकातच रक्तस्रावाचा इशारा आहे. हृदयाचं पंपिंगही ती कमी करू शकते. रक्तस्राव टाळायला रक्तस्रावाची रिस्क! चाचणीत असताना इको, एमआरआय, सगळ्यावर कुणाची तरी नजर असते. भारतात 2019 च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाईही द्यावी लागते. घरी बसून गिळलेल्या गोळीला यातलं काहीच नाही. म्हणून फिटच्या गोळ्या चालू, फाइल तयार, आणि मी थांबलेय. थांबणं म्हणजे काही न करणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा थांबून बघावं.

आईचं वेगळंच. मी पोटात असताना तिने ग्रहणात विळी हातात घेतली होती म्हणे. दोन वर्षं ती हे मनात धरून होती. मी तिला सांगितलं, त्याच संशोधनात 21 जणांचं रक्तही तपासलं आणि एकाच्याही रक्तात तो बदल नव्हता. म्हणजे तो आईबापाकडून येत नाही, त्या वाहिन्यांच्या पेशींतच घडतो.

‘म्हणजे रक्तात नाही?’ तिने दोनदा विचारलं.

‘नाही गं.’

तरी सोमवारी ती अंबरनाथच्या शिवमंदिरात गेलीच. येताना माझ्यासाठी वडापाव घेऊन आली.