मांडवीची बेटे, लासूरचे आभाळ

पावसाळ्यात बेटांवर सहल म्हटली की पहिला प्रश्न येतो, "बोटी बंद असतात ना?" आमच्या स्टाफरूममध्येही तोच आला. प्रश्न चुकीचा नाही. मुरुडचा जंजिरा पावसाळ्यात पर्यटकांना बंद असतो. समुद्र खवळला की घारापुरीच्या बोटींचाही भरवसा नसतो. पण समुद्रातली बेटे वेगळी आणि नदीतली वेगळी. गोव्यात मांडवी समुद्राला मिळण्याआधी फाटे फोडते. त्या फाट्यांत चोडण, दिवाडी, वांशी, जुवें अशी बेटे आहेत. तिथल्या अनेकांचा शाळेचा, बाजाराचा, दवाखान्याचा रस्ताच फेरीबोटीचा. तो पाऊस आला म्हणून बंद कसा राहील?

2023 च्या ऑगस्टमध्ये आम्ही सहा जण निघालो. अब्बा, अम्मी, आम्ही दोघे, नववीतली मुलगी आणि पाचवीतला मुलगा. दुसरा शनिवार, रविवार, 15 ऑगस्ट आणि पारशी नववर्ष अशी सुट्ट्यांची रांग लागली होती. मधल्या सोमवारची एक रजा टाकली. तिकिटे जूनमध्येच काढलेली होती.

अब्बांचे मन मात्र निघायला तयार नव्हते. लासूर स्टेशनच्या शिवारात आमची थोडी कोरडवाहू जमीन आहे. कापूस गुडघ्याएवढा झाला होता आणि पावसाने पाठ फिरवली होती. त्या वर्षीचा ऑगस्ट देशात 1901 पासूनच्या नोंदींत सर्वांत कोरडा ठरला, हे नंतर कळले. तेव्हा एवढेच दिसत होते की ढग येतात आणि निघून जातात. "कापूस उन्हात आणि मी गोव्यात? लोक काय म्हणतील?" अब्बा म्हणाले. धाकट्या भावाने शेताची जबाबदारी घेतली. अम्मीने त्यांची पिशवी भरली आणि विषय संपवला.

लासूरहून मुंबई आणि मुंबईहून कोकण रेल्वेने करमळी. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक वेगळे असते, गाड्या सावकाश चालवतात. म्हाताऱ्या माणसांबरोबर जाणाऱ्यांनी परतीची पुढची गाडी घाईची ठेवू नये. करमळीहून जुने गोवे अगदी जवळ आहे. आम्ही पणजीला मुक्काम केला. खाण्याची चिंता अनेक घरांत असते, म्हणून सांगतो. मासेमारीची बंदी 31 जुलैला उठलेली असते, त्यामुळे ऑगस्टमध्ये ताजी मासळी मिळते, आणि मासळीत हलालचा प्रश्नच येत नाही. चार दिवस आम्ही मासळीवरच काढले. मुलगा तिसऱ्या दिवशी खिचडी मागू लागला, तो भाग वेगळा.

पहिले बेट चोडण. पणजीजवळच्या रायबंदरहून फेरीबोट सुटते. बोट म्हणजे सपाट लोखंडी तराफाच. पुढचे फळकुट धक्क्यावर टेकते, आधी मोटारसायकली उतरतात, मग माणसे. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही, हे ऐकून अम्मीने दोनदा विचारले. पाणी ओलांडायला जेमतेम काही मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात अम्मीने सफरची दुआ पुरी केली आणि रेलिंग घट्ट धरून ठेवले.

चोडणच्या टोकाला खारफुटीचे जंगल आहे. तेच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य, पावणेदोन चौरस किलोमीटरचे. पाटीवरचे नाव वाचून मुलगा ओरडला, "अब्बू, हे तर आपल्या तलावाचं नाव!" संभाजीनगरला दिल्ली दरवाजाजवळचा सलीम अली सरोवर त्याने पाहिलेला आहे. नाव माहीत होते, माणूस माहीत नव्हता. तिथेच पाटीखाली उभे राहून सांगितले. 1896 साली मुंबईत जन्म, लहानपणीच आईवडिलांचे छत्र गेले, मामाने वाढवले. छर्र्याच्या बंदुकीने टिपलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीचे नाव विचारायला पोरगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला आणि तिथून आयुष्यभर पाखरांच्या मागे राहिला. 1976 मध्ये पद्मविभूषण मिळाले. पाहुणे पक्षी हिवाळ्यात येतात. ऑगस्टमध्ये आम्हाला बगळे आणि एक खंड्या दिसला. मुलाला तेवढे पुरले. मला खारफुटीची मुळे जास्त आवडली, चिखलातून वर आलेली, श्वास घेणारी.

दिवाडीला जायचे तर जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून. या बेटाला पूल नाही, चहूबाजूंनी फेरीच. काहींना पूल हवा आहे, रात्री-अपरात्री आजारी माणूस न्यायचा म्हणून. काहींना नको आहे, पुलाबरोबर काय काय येईल या भीतीने. बोटीवर दोन्ही मते ऐकली, आणि दोन्ही पटली.

दिवाडीवर उतरल्याबरोबर दोन्हीकडे भातशेती लागते, नदीच्या भरतीपेक्षा सखल. तिथे अब्बा थांबले ते थांबलेच. या शेतीला खाजन म्हणतात. मातीचे बांध घालून खारे पाणी बाहेर ठेवायचे. बांधात लाकडी दाराची मोरी असते, तिला मानस म्हणतात. भरती आली की बाहेरचे पाणी दार ढकलून बंद करते. ओहोटी लागली की आतले पावसाचे पाणी दार उघडून बाहेर जाते. ना मोटर, ना वीज. पावसाचे पहिले पाणी जमिनीतले मीठ धुऊन नेते, मग भात लावतात. खारट जमिनीत तग धरणाऱ्या त्यांच्या जुन्या भाताचे नाव कोरगूट. बांध राखायचे काम पिढ्यान् पिढ्या गावकरी नावाच्या ग्रामसंस्थेकडे असे.

बांधावर एक वयस्कर शेतकरी भेटले. ते कोकणी बोलत, अब्बा आमची दखनी-मराठी. दोघांचे तासभर जमले. खेकडे बांधाला भोके पाडतात आणि एक भोक वेळेत बुजवले नाही तर शेत खारे होते, असे ते सांगत होते. शेवटी ते म्हणाले, "यंदा पाऊस कमी आहे." अंगावर सरी झेलत उभ्या असलेल्या अब्बांनी माझ्याकडे पाहिले आणि घर सोडल्यापासून पहिल्यांदा हसले. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आमच्या जिल्ह्यात सातशेच्या आसपास. त्यांची मेहनत पाणी अडवायची ती आत येऊ नये म्हणून, आमची ते बाहेर जाऊ नये म्हणून. मुलीने हा फरक वहीत लिहून घेतला. भूगोलाच्या पुस्तकात तिने पर्जन्यछाया हा शब्द पाठ केला होता. आता सह्याद्रीची अलीकडची बाजूही पाहिली.

परतताना जुन्या गोव्यात आदिलशाही महालाची उरलेली कमान पाहिली. महाल गेला, काळ्या दगडाचे दार तेवढे आहे. 1510 च्या उन्हाळ्यात आदिलशाही फौजेने आल्बुकर्कला शहरातून हुसकावले. पण पावसामुळे त्याची जहाजे समुद्रात जाऊ शकली नाहीत आणि ऑगस्टपर्यंत याच मांडवीत भुकेने अडकून पडली. नोव्हेंबरमध्ये तो परत आला, शहर घेतले आणि तिथल्या मुसलमानांची कत्तल केली. ते त्याने स्वतः आपल्या राजाला लिहून कळवले. मुलांना हेही सांगितले. कमानीसमोर फोटो काढणारे बरेच होते, थांबून वाचणारे कमी.

उर्दू शिकवणाऱ्याची एक खोड. जंजिरा हा आपला शब्द अरबी जझीरा, म्हणजे बेट, यावरून आला. कोकणीत बेटाला जुवें म्हणतात. मुलगा दोन दिवस प्रत्येक डबक्यातल्या दगडाला जुवें म्हणत होता.

वांशी अगदी लहान आहे. तिथे एक धक्का, थोडी घरे आणि शांतता. जोहरची वेळ झाली होती. एका झाडाखाली चटई टाकून कसर नमाज पढलो. तेवढ्यात सर आली आणि आम्ही भिजलेल्या कपाळांनी सलाम फिरवला. अब्बा मात्र दुआला बराच वेळ हात वर करून बसले. काय मागितले ते विचारायची गरज नव्हती.

रोज संध्याकाळी ते भावाला फोन करीत. "आलं का?" एवढाच प्रश्न. "आभाळ येतंय, थांबत नाही," एवढेच उत्तर. परतीच्या गाडीत त्यांनी मुलाकडून वहीच्या पानावर मानसचे चित्र काढून घेतले. दार कुठल्या बाजूला उघडते, यावर दोघांचा वाद कल्याणपर्यंत चालला.

लासूरला उतरलो तेव्हा प्लॅटफॉर्म कोरडा होता. अब्बांनी पिशवी माझ्या हातात दिली आणि स्टेशनवरून तसेच शेताकडे गेले.