लेकीची जपानी

"आपलं इंग्रजीच धड नाही, त्यात जपानी कशाला?" आठवीतल्या लेकीला मी असं बोललो, ते आजही टोचतं. अडचण इंग्रजीची नव्हतीच. फीला पैसे नव्हते. तिच्या आईनं भिशीचे पैसे पुढं केले आणि पोरगी पुण्यातल्या एका वर्गाला जाऊ लागली.

एका रात्री पाळी करून आलो तर ती म्हणते, "बाबा, म्हणा, वाताशी वा गोहान ओ ताबेमास." मी म्हणालो. "म्हणजे, मी भात खातो. बघा, क्रियापद शेवटी, आपल्या मराठीसारखंच! इंग्रजीत आधी 'खातो', मग 'भात'." इंग्रजीत आपण कुठं चुकतो, हे तिला त्या तुलनेतून उमगलं. आता ती मराठीचं व्याकरणही आवडीनं वाचते.

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकू दिलं नाही, म्हणून ते फारशी शिकले. पुढं बॉन विद्यापीठात शिकण्यासाठी १९२१ साली त्यांनी जर्मन भाषेत अर्ज लिहिला. एक दार बंद झालं म्हणून त्यांनी भाषा सोडली नाही. मी मात्र दार उघडायच्या आधीच कडी लावत होतो.

लेक आता एन-५ ही पहिली पायरी पास झाली आहे. हिरागानाची ४६ अक्षरं मी तिच्याकडून गिरवतो आहे. बंधू-भगिनींनो, पोरं नवी भाषा मागतील तेव्हा नकार देण्याआधी मनाला विचारा, आपण भाषेला नाही म्हणतोय की फीला? फीची सोय चार माणसं मिळून करू शकतात.