पाणी न ओतणारी सुरई

“या सुरईतून काही ओतायचं नसतं, नुसतं बघायचं असतं,” लिलावाचा कॅटलॉग चाळता चाळता एक जाणकार सहज बोलून गेला आणि शेजारी बसलेल्या बाईंच्या डोक्यात ती सुरई घडवणारं पोर्सेलीनचं गाव, मायसेन, शिरलं.

बाई निघाल्याच. ड्रेस्डेनमध्ये मिळालेली खोली जिन्याखालची, नळाला गरम पाणी मर्जी असेल तेव्हा. तिथलं ऑपेरा हाउस, फ्राउएनकिर्श हे चर्च, हे सगळं चालता चालता उरकून त्यांनी मायसेनची लोकल पकडली.

एल्ब नदीकाठच्या टेकडीवरचा आल्ब्रेख्ट्सबुर्ग किल्ला म्हणजे युरोपातल्या अस्सल पोर्सेलीनचा पहिला कारखाना, 1710 सालचा. कृती बाहेर फुटू नये म्हणून ऑगस्ट राजाने तो किल्ल्यातच थाटला. गाइडने बोट्गरचं नाव घेताच बाईंनी वाद काढला. सोनं बनवून दे म्हणून राजाने कोंडलेला हा किमयागार. पण त्याच्या आधीपासून भट्ट्यांवर खपत होता तो शास्त्रज्ञ चिर्नहाउस. तो ऑक्टोबर 1708 मध्ये गेला आणि मार्च 1709 मध्ये बोट्गरने शोध जाहीर केला. यात काही खटकत नाही? इतिहासाचा अभ्यासक असलेला गाइड शांतपणे म्हणाला, “कारखाना कोणी उभा केला?” बाईंना ते पटलं नाही. वादही मिटला नाही.

खालच्या संग्रहालयात मात्र त्या गप्प झाल्या. फ्रान्सच्या पंधराव्या लुईला भेट द्यायच्या म्हणून कारखान्याचा शिल्पकार केंडलरने 1741-42 मध्ये घडवलेल्या पंचमहाभूतांपैकी चारांच्या सुरया!  वायूच्या सुरईवर मोरासह जूनो. जलाच्या सुरईवर नेपच्यून, माशाच्या शेपटीचे घोडे, बुडाशी लव्हाळं. एकेक हात, एकेक शेपूट वेगळ्या साच्यातून काढून पातळ मातीने चिकटवलेली. भट्टीत सगळा ऐवज सुमारे एक षष्ठांश आकसतो, तरी त्रिशूळ वाकडा नाही! एवढ्या नक्षीत पाणी भरणार कोण, आणि ती उचलणार कोण?

याच केंडलरला तिसऱ्या ऑगस्ट राजाचा महाकाय अश्वारूढ पुतळाही पोर्सेलीनमध्ये करायचा होता. सप्तवार्षिक युद्ध पेटलं, प्रशियाचं सैन्य शहरात घुसलं आणि तो बेत बारगळला. त्याचा छोटा नमुना ड्रेस्डेनच्या झ्विंगर राजवाड्यातल्या संग्रहालयात आहे, हे कळताच बाईंनी टेकडीवरचं कॅथीड्रल बघायचं रद्द केलं आणि ते संग्रहालय बंद व्हायच्या आत पोहोचायला तडक स्टेशन गाठलं.