ओढ्याचे दोन कांठ

जर्मनींतील प्रवासांत आम्ही मोड्लारॉइट या जेमतेम ५० वस्तीच्या खेड्यांत गेलों. भोंवतीं शेतें व झाडी. मधून टानबाख नांवाचा ओढा. तो आम्हीं एका ढांगेंत ओलांडला! १८१० सालीं येथें बव्हेरिया व रॉइस या संस्थानांच्या शिवेचे दगड बसले. तरी दोन्ही कांठच्या मुलांची शाळा एकच असे. १९४९ सालीं मात्र तीच शीव दोन राष्ट्रांची सरहद्द झाली. पुढें १९६६ सालीं पूर्व जर्मन सरकारनें ७०० मीटर लांबीची भिंत घातली. पलीकडील आप्तांस नुसता हात हालविण्यासही पूर्वेकडे मनाई होती. ९ डिसेंबर १९८९ रोजीं त्या भिंतींत वाट झाली.

स्मारक म्हणून राखलेला तिचा तुकडा आम्हीं पाहिला. गांव आजही दोन प्रांतांतच आहे. परततांना मनांत आलें, शीव असणें निराळें आणि भेटीस बंदी असणें निराळें.