आधींचा आवाज

सामान्यतः माणसाची ओळख आपणांस त्याच्या बाळपणापासून पुढें होत जाते. गवयांच्या बाबतींत मात्र श्रोत्यांच्या वांट्यास बहुधा उलटा क्रम येतो. आपण त्यांस प्रथम ऐकतों तें त्यांच्या कीर्तीच्या ऐन माध्यान्हीं किंवा उतरत्या प्रहरीं. त्यांची सकाळ कशी होती, हें मागाहून तबकड्यांच्या आधारें शोधीत जावें लागतें. गंगूबाई हनगल यांच्या गाण्याची माझी ओळख अशाच उलट्या क्रमानें झाली, आणि त्या शोधाचें शेवटचें टोंक निघालें तें आमच्याच बेलापूरच्या घरांत.

1970च्या दशकांत मी शिक्षणासाठीं पुण्यास होतों. सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ 1953 सालापासून भरूं लागलेला महोत्सव तेव्हां रात्रभर चाले, आणि थंडींत कांबळें पांघरून बसणाऱ्या विद्यार्थ्यांत मीही एक असें. गंगूबाईंचें नांव ऐकून होतों, गाणें ऐकलें नव्हतें. लहान चणीच्या, साध्या पातळांतील, घरांतील एखाद्या वडीलधाऱ्या मावशीसारख्या दिसणाऱ्या त्या बाई व्यासपीठावर येऊन बसल्या, आणि त्यांनीं पहिला षड्ज लावला. तो आवाज रुंद, धीरगंभीर व पुरुषी होता. डोळे मिटून ऐकणाऱ्यास कोणी भारदस्त बुवा गात आहेत, असेंच वाटलें असतें. मागें बसून साथ करणारी त्यांची कन्या कृष्णा हिचा उंच, बारीक स्वर त्या आवाजाशेजारीं असा लागे, कीं जणूं दगडी भिंतीवरून वेल चढत आहे. शुद्ध कल्याण एकेका स्वरानें उलगडत गेला. त्यांत घाई नव्हती, कीं श्रोत्यांस खूष करण्याची धडपड नव्हती.

असें गाणें ऐकल्यावर त्याचें मूळ शोधावेंसें वाटणें स्वाभाविकच होय. जुन्या ध्वनिमुद्रिकांचा संग्रह करणारे एक वृद्ध गृहस्थ माझ्या परिचयाचे होते. त्यांस विचारतांच ते म्हणाले, “त्यांचें पहिलें गाणें हवें असेल तर गंगूबाई हें नांव शोधूं नका, गांधारी हनगल या नांवाच्या तबकड्या शोधा. आणि आवाज ऐकून दचकूं नका.”

पुढें वाचून व जाणत्यांस विचारून मला जें कळलें तें थोडक्यांत असें. गंगूबाईंचा जन्म 1913 सालीं धारवाडास झाला. आई अंबाबाई कर्नाटक पद्धतीचें गाणें गात. लहानपणीं रस्त्यावर कोठें ग्रामोफोन वाजूं लागला, कीं ही मुलगी तो ऐकण्यासाठीं धांवत जाई. 1930च्या दशकाच्या आरंभीं ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ कंपनीनें तिचें गाणें मुद्रित केलें तें गांधारी हनगल या नांवानें. त्यांत रागदारीच्या चिजा होत्या, तशीं मराठी भावगीतेंही होतीं. त्याच दशकाच्या उत्तरार्धांत हुबळीहून आगगाडीनें कुंदगोळास जाऊन त्यांनीं सवाई गंधर्वांची कसून तालीम घेतली. पुढें 1940च्या दशकांत घशाच्या गांठींवर उपचार व शस्त्रक्रिया झाली, आणि तो कोंवळा, उंच आवाज कायमचा गेला. गाण्यावर कुटुंबाचें पोट असणाऱ्या स्त्रीवर हा केवढा प्रसंग! त्यांनीं मात्र हातीं उरलेला जाड आवाज खालच्या पट्टींत बसविला आणि त्याच आवाजांत पुढील साठ वर्षे गाइलें.

उन्हाळ्याच्या सुटींत मी घरीं आलों. आमच्या स्टेशनास बेलापूर हें नांव असलें तरी तें आहे श्रीरामपुरांत. तेथून प्रवरेकांठचें आमचें गांव दूर पडतें. थोरले काका हरेगांवच्या साखर कारखान्यांत कारकून होते, आणि आजोबांच्या वेळचा चावीचा ग्रामोफोन त्यांनींच जपून ठेवला होता. माळ्यावरील लांकडी पेटींतील तबकड्या मी एकेक पुसून पाहूं लागलों. नाट्यगीतें व कीर्तनें यांच्यामध्यें एका तबकडीवर अक्षरें होतीं: गांधारी हनगल.

सुई बदलून तबकडी लावली. उण्यापुऱ्या तीन मिनिटांचें तें गाणें! आवाज मुलीचा, धारदार, वर सहज चढणारा. ताना पाण्यावर खडा भिरकावल्याप्रमाणें उसळत जाणाऱ्या. पुण्यास ऐकलेल्या आवाजाशीं त्याचें कांहींच नातें दिसेना. पण तीच बाजू तिसऱ्यांदा लावल्यावर एक गोष्ट ध्यानांत आली. स्वराकडे आडवळणानें न जातां सरळ त्याच्या मध्यावर येऊन उभें राहावयाचें, ही रीत दोन्हींकडे एकच होती.

माझी आत्या दारांत येऊन उभी होती. वैधव्यामुळें ती माहेरींच राहिलेली होती. ती म्हणाली, “अरे, ही तबकडी मला पाठ आहे.” मीं तिला गंगूबाईंचें अलीकडील मुद्रण ऐकविलें व ओळख पाहूं म्हटलें. बराच वेळ ती कांहींच बोलली नाहीं. मग म्हणाली, “आवाज दुसरा आहे, पण बाई तीच. सूर धरण्याची खोड लपत नाहीं.” मीं शस्त्रक्रियेची हकीकत सांगितली, तेव्हां ती म्हणाली, “तिचा आवाज गेला तरी ती थांबली नाहीं. माझा आवाज चांगला होता, तरी मला थांबावें लागलें.”

मग तिनें सांगितलें तें असें. बारा वर्षांची असतांना ती हें गाणें तबकडीवरून उचलून ओसरीवर म्हणत असे. एकदां पाहुण्यांनीं तें ऐकून तिची वाहवा केली. त्याच रात्रीं आजोबांनीं बजावलें, कीं तबकडी वाजवावयास हरकत नाहीं. पण घरच्या मुलीनें गाण्याच्या नादीं लागूं नये. आमचे आजोबा दुष्ट नव्हते. मुलींस लिहिण्या-वाचण्यास त्यांनींच शिकविलें. परंतु गायिकेचा आवाज घरांत यावा आणि गायिका मात्र उंबऱ्याबाहेर राहावी, ही त्या काळच्या आमच्यासारख्या घरांची रीतच होती. गंगूबाईंनींही तिचा चटका सोसला होता. 1924 सालीं बेळगांवच्या काँग्रेस अधिवेशनांत त्यांनीं स्वागतगीत गाइलें. पण जेवणानंतर आपणांस उष्टीं काढावयास सांगतील कीं काय, ही भीति त्या लहान मुलीच्या मनांत होती, असें त्या पुढें सांगत. त्याच बाईंस 1971 सालीं पद्मभूषण व 2002 सालीं पद्मविभूषण मिळालें. 2009च्या जुलैमध्यें हुबळीस त्यांचा अंत झाला.

आत्या त्यापूर्वींच गेली. शेवटच्या वर्षांत ती कधीं कधीं देवघरांत गुणगुणे. परंतु कोणी आलें कीं गप्प होई. आतां गंगूबाईंचीं जुनीं-नवीं ध्वनिमुद्रणें कोणासही घरबसल्या ऐकतां येतात. माझ्या पुतण्याची मुलगी श्रीरामपुरास गाणें शिकावयास जाते. तिला मीं गांधारी हनगलची तबकडी आधीं व नंतरचें गाणें मागाहून ऐकविलें. आपला आवाज बारीक कीं जाड, ही चिंता तिनें त्या दिवसापासून सोडून दिली आहे.

गवयाचें पहिलें गाणें ऐकावें, तें त्याच्या उणीवा काढण्यासाठीं नव्हे. काळानें काय नेलें आणि त्यानें स्वतः काय राखलें, हें कळावें म्हणून. आमच्या पेटीपाशीं एके काळीं दोन मुली होत्या. एक तबकडींतली, एक ओसरीवरली. पहिलीचा गेलेला आवाज आम्हांस आजही ऐकावयास मिळतो. दुसरीची तबकडी कोणीं काढली नाहीं. वाचकांच्याही घरीं एखादी अशी आत्या किंवा काकू असेल. ती गुणगुणूं लागली, तर जवळ बसून ऐकावें, एवढेंच सांगावेंसें वाटतें.