जमीन कुणासाठी?

माझा धाकटा भाऊ चौदा वर्षं आखातात वेल्डिंग करून गेल्या वर्षी कायमचा कोकणात परतला. घरालगतच्या गॅरेजात वेल्डिंग आणि गाडीदुरुस्तीचं वर्कशॉप टाकायचं ठरलं. पैसे कमी पडले, तेव्हा उमराहसाठी साठवलेली रक्कम मी त्याला कर्जे हसना म्हणून दिली. सगळं सुरळीत चाललं होतं. वाद झाला तो जमिनीवरून.

त्याला चकचकीत टाइल्स हव्या होत्या. मी म्हटलं, "तेल सांडलं की पाय घसरेल. जॅकचा सगळा भार एका जागी येतो, खाली पोकळी राहिली तर टाइल तडकेल."

मग त्याने इपॉक्सीचं नाव काढलं. पण वेल्डिंगच्या ठिणग्यांनी ते जळतं आणि आमच्याकडच्या जमिनीला ओल; खालून दमटपणा आला की त्याचे पापुद्रे सुटतात.

आमच्या ओळखीच्या गवंडीचाचांनी साधा उपाय सांगितला : सिमेंटचा कोबा. मी लगेच दुजोरा दिला. भाऊ एकदम म्हणाला, "आपा, लोक विचारतात, इतकी वर्षं परदेशात राहून काय कमावलं? निदान जमीन तरी चकाकू दे!"

यावर मला उत्तर सुचलं नाही. एवढा वेळ मी जमिनीबद्दल बोलत होते आणि तो स्वतःबद्दल.

सकाळी त्याला म्हटलं, "पैसे आता तुझे, निर्णयही तुझाच." तो काही बोलला नाही. दुकानातून नमुन्याची टाइल आणली होती, ती अंगणात ठेवली आणि कमरेएवढ्या उंचीवरून आपला हातोडा तिच्यावर सोडला. तुकडे गोळा करता करता म्हणाला, "चाचांना बोलाव."

चाचांनी मुरूम ठोकून घेतला, ओल अडवायला त्यावर जाड प्लास्टिक अंथरलं आणि चार इंच काँक्रीट टाकलं : एक भाग सिमेंट, दीड वाळू, तीन खडी. दाराकडे दहा फुटांना इंचभर उतार दिला, भेगा वेड्यावाकड्या जाऊ नयेत म्हणून चौकोन पाडले. "कालवताना पाणी बेताचं," ते म्हणाले, "पण घट्ट झाल्यावर पोटभर पाजायचं." दोन आठवडे आम्ही ओली गोणपाटं अंथरून ठेवली. जड यंत्रं महिन्याने आत आली. वेल्डिंगच्या जागी लोखंडी पत्रा टाकला, कारण फार तापलं की काँक्रीटचेही टवके उडतात.

अल्हम्दुलिल्लाह, एक पावसाळा गेला. कोबा जागचा हललेला नाही. दुपारी एका स्वच्छ कोपऱ्यात मुसल्ला अंथरून भाऊ जोहरची नमाज पढतो. दर महिन्याला माझे थोडे पैसे परत करतो. उमराहला इन्शाअल्लाह जाईन. काय कमावलं, असं विचारणारे आता स्वतःच्या गाड्या घेऊन येतात आणि खाली कुणी बघत नाही.

अम्मी तेवढी म्हणते, "रंग काही देखणा नाही हो. पण डाग दिसत नाहीत."